माझा नंबर आला तेव्हा

सोमवार, ४ मार्च

लायसन्सचं नूतनीकरण झालं एकदाचं! दोन खेपा फुकट गेल्या होत्या, आज तिसरी.

आरटीओच्या हॉलमध्ये एक माणूस पडला. पन्नाशीचा असेल. पुढच्या रांगेतल्या खुर्चीवरून सरळ खाली. एका बाईने त्याला उताणं केलं आणि छाती दाबायला लागली. ‘कोणी डॉक्टर आहे का?’ म्हणून ओरडत होती. मी पडलो दाताचा डॉक्टर, छातीचं मला काय कळतंय. शिवाय हॉल माणसांनी भरलेला होता. मग अँब्युलन्स आली, नेलं त्याला.

घरी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नाही.

मंगळवार, ५ मार्च

कालचं वाचलं. छातीचं काय कळतंय, म्हणे! रबरी पुतळ्याची छाती दाबून दाबून दोनदा परीक्षा दिली आहे मी. त्याचं प्रमाणपत्र दवाखान्याच्या भिंतीवर लटकतंय, खुर्चीत आडवा झालेला प्रत्येक पेशंट ते वाचतो. आज मला ते दिवसभर दिसत राहिलं.

‘आ करा, अजून मोठा.’ दिवसभर लोकांची तोंडं उघडायची, आणि स्वतः मूग गिळून बसायचं.

गुरुवार, ७ मार्च

तो माणूस गेला.

दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. छाती दाबणारी बाई पार्लर चालवते. त्या माणसाच्या फासळ्या मोडल्या होत्या. त्याच्या भावाने तक्रार केली आहे, हिनेच मारलं म्हणून. मदतनीस म्हणाल्या, ‘भुवया कोरायच्या सोडून कशाला गेली डॉक्टरकी करायला?’ मी हातमोजे घालत होतो. पेशंटला म्हणालो, चूळ भरा.

फासळ्या मोडतात. नीट दाबलं तर मोडतातच बऱ्याचदा. पहिल्याच दिवशी शिकवतात ते, म्हणजे मोडल्या म्हणून घाबरून माणूस थांबू नये. ती बरोबर दाबत होती. मी बघत होतो ना, खांदे हातांच्या वर, कोपर ताठ. त्या हॉलमध्ये हे कळणारा बहुधा मी एकटाच असेन.

शनिवार, ९ मार्च

मेहुणा जेवायला आला होता. वकील माणूस, म्हणून त्याला विचारलं – माझा एक मित्र आहे, त्याचं असं असं झालं.

‘कायद्याने तुमचा मित्र मोकळा, भाऊजी. त्याने ढकललं नाही, त्याचा पेशंट नाही, त्याचं पोर नाही. अनोळखी माणूस समोर मरत असला आणि आपण शेंगा खात बसलो, तरी आपल्याकडे कलम नाही. काही देशांत आहे. तिकडे नका पाठवू मित्राला.’ आणि स्वतःच हसला.

‘आणि ती बाई?’

‘चांगल्या हेतूने केलं असेल तर सुटेल. पण तोवर चौकशीचे हेलपाटे, बदनामी. कोणी जाणकाराने येऊन सांगितलं, ही बरोबर करत होती, तर आठवड्यात मिटेल.’

मोकळा! हे ऐकून हायसं वाटेल असं वाटलं होतं. ताट अर्धवट टाकून उठलो. चोराच्या मनात चांदणं.

भांडी आवरताना बायको म्हणाली, ‘तुम्हाला मित्र कधीपासून?’

रविवार, १० मार्च

खरं लिहितो. ही वही तरी कोण वाचतंय.

दाताचा डॉक्टर म्हणून गप्प बसलो नाही. घाबरूनही नाही. ती ओरडत होती तेव्हा बोर्डवर माझ्या आधीचा नंबर लागला होता. मनात आलं, आता उठलो तर पुन्हा एक दिवस दवाखाना बंद ठेवा, पुन्हा रांग. एवढंच! मग माझा नंबर लागला आणि मी उठलो. तिच्या मागून गेलो, अंग चोरून, तिला धक्का लागू नये म्हणून. केवढी ती काळजी.

फोटोवाला पडद्याआड बसतो, त्याला बाहेरचं काही दिसत नव्हतं. म्हणाला, हनुवटी वर, हसू नका. बाहेर ती मोठ्याने आकडे मोजत होती. दमली होती, आवाज फाटत होता. मधेच म्हणाली, ‘कोणीतरी या हो.’

मी हनुवटी वर केली.

लायसन्सवर फोटो चांगला आलाय. शांत, सभ्य गृहस्थ. किळस येते बघून.

बुधवार, १३ मार्च

तिच्या पार्लरवरून मुद्दाम गेलो. शटर खाली. शेजारच्या टेलरला उगाच पँटच्या लांबीचं विचारलं, मग हळूच तिचं. ‘गिऱ्हाइकं येईनात. ते हात चेहऱ्याला लावून घ्यायला नको वाटतं म्हणे बायकांना. उघडून काय करणार?’

रात्री बायकोला सगळं सांगितलं. फोटोसकट. तिने उशीचा अभ्रा नीट केला. मग म्हणाली, ‘जाऊन सांगा. मला तुमच्याबरोबर यायची लाज वाटेल. पण येईन.’

शुक्रवार, १५ मार्च

पोलीस स्टेशनला गेलो. बायको बाहेर बाकावर बसली, मी आत.

फासळ्यांचं सांगितलं, तिचे हात कसे होते ते सांगितलं. इन्स्पेक्टर लिहून घेत होते. मग म्हणाले, ‘तुम्ही डॉक्टर. मग तुम्ही तेव्हा काय करत होतात?’

‘लायसन्सचा फोटो काढून घेत होतो.’

पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. ‘नक्की होतात ना तिथे?’ लायसन्स काढून दिलं, तारीख आहे त्यावर. ते पुन्हा लिहायला लागले. सगळं सांगून झालं. सही केली.

परतताना बायकोने स्वतःहून माझा हात धरला. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो. उशिरा का होईना, त्या बाईसाठी काहीतरी केलं.

सोमवार, १८ मार्च

ती पार्लरवाली बाई दवाखान्यात आली. बसा म्हटलं तर बसली नाही.

‘तुम्ही कशाला गेलात, डॉक्टर? मी पोलिसांना सांगितलं होतं, हॉलमध्ये डॉक्टर कोणी नव्हता. मला दिसला होतात तुम्ही. पण माझ्या आईची दाढ ठणकत होती, तेव्हा सुट्टीच्या दिवशी तुम्ही दवाखाना उघडलात. म्हटलं, चांगला माणूस आहे, कशाला गुंतवा. आता ते मला विचारतायत, एक खोटं बोललीस, तर बाकीचं खरं कशावरून?’

ती गेल्यापासून आठवून पाहतोय. तिची आई मला आठवत नाही.