झाकण लावलं तरी ऐकू जातं

१६ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत झाली, तिळगूळ संपला, मग दीपी आली. नात माझी. संभाजीनगरला पिच्चर काढायचं शिकती. येताना एक कॅमेरा, तीन पायाचा स्टँड आन् ही वही आणली. म्हणली, "आजे, शूटिंग हाय तवर रोज सांगत जा, आई लिहील." मला अक्षर येत न्हाई. सुनेला येतं, दहावी झाल्याली हाय. दहावी होऊन माझ्या घरी आली आन् ऊस तोडला.

लिही सुनंदा. तुझं नाव येईल तिथं अक्षर चांगलं काढ.

हसली.

पिच्चर माझ्यावर हाय म्हणं. ऊसतोडीची म्हातारी. दुसरं घावणार कोण? गाव सगळं कारखान्याला गेलंय, पोरगा बी ट्रॅक्टर घेऊन तिकडंच. मागं म्हाताऱ्या, शेळ्या आन् आमी दोघी सासू-सुना.

१७ जाने., शनि.

दिवसभर धडे. तिचे कमी, माझे जास्त. मला मधोमध बसवत न्हाई. एका अंगाला बसवती आन् उरलेली जागा मोकळी सोडती. तसं चांगलं दिसतं म्हणती. म्हणलं, बाई, मधोमध मी ह्या घरात कधी बसले व्हते?

पदराखाली एक काळा भुंगा चिकटवला. त्यातून आवाज जातो. हसायचं न्हाई, भुंग्याला हात लावायचा न्हाई, कॅमेऱ्याकडं बघायचं न्हाई. सासुरवाशिणीला सांगतेत तसं सगळं.

इचारलं, "कोयता म्हणजे काय?" म्हणलं, "तुला ठावं न्हाई का भवाने?" म्हणली, "लोकांसाठी सांग." सांगितलं. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटी बाई म्हणजे अर्धा. अर्ध्याला मुकादम नेत न्हाई.

काम झालं की कॅमेऱ्याला झाकण लावती. मग नखाएवढी चिप काढती आन् लॅपटॉपात भरती. का, तर काढलेलं सगळं दोन जागी ठेवायचं. कॉलेजातल्या सरांचा पैला धडा. एक गेलं तर दुसरं राहतं. माणसाला नव्हती कधी अशी सोय.

१९ जाने.

मोळी डोक्यावर घेऊन चालायला लावलं. ऊस कुठला, कडब्याची मोळी. तीनदा चालले. एकदा ऊन गेलं, एकदा शेळी आडवी आली, एकदा मीच हसले. चौथ्यांदा म्हणलं, घे तूच डोक्यावर, मी झाकण काढते.

सरांना थोडं पाठवलं व्हतं. त्यांचा निरोप आला: आजी हसती फार, दुःख दिसत न्हाई. दीपी हिरमुसली. म्हणली, "आजे, जरा आठव ना कायतरी."

जरा! बाजारातून मेथीची जुडी आण म्हणल्यासारखं.

२१ जाने., बुध.

काम लवकर आटपलं. दीपी झाकण लावून नेटवर्क बघायला वेशीकडं गेली. आमी दोघी अंगणात तूर पाखडत बसलो. मी सहज म्हणलं, आज दीपीनं कॅमेऱ्यापुढं इचारलं, आजे मी एकटीच कशी गं? मला ना भाऊ ना बहीण. मी तिला देवाचं कारण सांगितलं.

मग सुनंदा बोलली. एवढ्या वर्षांत पैल्यांदा बोलली. मी सूप खाली ठिवलं.

काय बोलली ते वहीत नको म्हणती. नको तर नको.

२२ जाने.

वहीत नको, आन् लॅपटॉपात चालतं.

झाकण लावलं व्हतं, पण बटन बंद केलं नव्हतं. भुंगा माझ्या पदरातच. लाल दिवा भिताडाकडं, आमाला कसा दिसावा? मला वाटलं, झाकण लावलं की झोपला. तो आंधळा झाला व्हता, कान उघडेच व्हते. दीपीनं सकाळी लावून बघितलं. चित्र काळं, आवाज सगळा. सुपाची फडफड, शेळी, मग सुनंदा.

"बंद करायचं राहून गेलं," म्हणती. राहून गेलं आसंल. मला शप्पथ घ्यायला लावू नका.

आता बाहेर पडलंच हाय तर लिही, सुनंदा. थांबू नको. तुझंच हाय, तुझ्याच हातानं लिही.

दीपी अंगावर पीत व्हती तवाची गोष्ट. सुनंदाच्या पोटात दुखायचं, पाळी लई जायची. उसाच्या फडात बाई बसली की खाडा, पैसे कापायचे. मुकादमानं गाडीत घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्या पोराशी बोलला, आत, दार लावून. कॅन्सर होईल म्हणला. ही बाहेर बाकड्यावर, दीपीला पाजत. पोरगा बाहेर येऊन म्हणला, पिशवी काढायचीय. काढली. पंचविशी बी नव्हती. मी तवा तिकडं फडावर, पाचटाच्या कोपीत भाकरी थापत. मला कळलं तवा टाके पडले व्हते.

काल म्हणली ते एवढंच: "आत्या, मला अजून एक पाहिजे व्हतं. कुणी इचारलंच न्हाई."

पेन थांबलंय. थांबू दे जरा.

२४ जाने., शनि.

दीपी रडली बी, हे खरं सांगितलं पाहिजे. कानात ते लावून परसात बसली, डोळे लाल करून आली. आईच्या मांडीवर डोकं ठेवलं. सुनंदानं केसातून हात फिरवला.

मग जेवताना म्हणली, "आई, हे पिच्चरमध्ये पाहिजे. फक्त आवाज. पडदा काळा, तुझं तोंड न्हाई, नाव न्हाई. सरांना ऐकवलं. म्हणले, हाच तुझा पिच्चर."

सुनंदाच्या हातात घास तसाच. म्हणली, "सरांनी ऐकलं?"

"आई, फक्त त्यांनीच..."

"माझ्या आधी सरांनी ऐकलं."

दीपी म्हणली, "आपल्या तालुक्यात किती बायांचं असंच झालंय. कुणी तरी सांगायला नको? मला बी आत्ताच कळलं ना. मी बी ह्याच घरातली हाय." पोरीचं खोटं न्हाई. म्हणून तर जास्त लागतं.

सुनंदा ताट घेऊन उठली. म्हणली, "तवा बी कुणी इचारलं न्हाई."

मी पाणी पिले. दुसरं काय करणार?

२६ जाने.

शाळेत झेंडा. चार पोरं, बाकीची आईबापासंगं फडावर. लाडू मला बी मिळाला.

दुपारी दीपी म्हणली, "बरं, आता इचारते. आई, कॅमेऱ्यापुढं बस आन् हो म्हण, न्हाईतर न्हाई म्हण. शनिवारी कॉलेजात दाखवायचाय." खुर्ची मांडली, उजेड बघितला, भुंगा काढला.

सुनंदा आली, पण खुर्चीवर बसली न्हाई. कॅमेऱ्यामागं जाऊन उभी राहिली. म्हणली, "तू बस तिथं."

दीपी हसली. मग बसली. मधोमधच बसली, सगळे धडे इसरून.

सुनंदानं झाकण काढलं. बटन मला इचारलं, मी दाखवलं. लाल दिवा लागला.

"हां. सांग आता. मी काय बोलले ते काही कामाचं नसतं, नुसतं रडगाणं असतं, तर तू मला सांगितलं असतं का, की ऐकलंय म्हणून?"

दीपी कॅमेऱ्याकडं बघत राहिली. बघायचं नसतं. बाहेर झेंड्याची गाणी लागली व्हती. सुनंदानं बटन न दाबता झाकण लावलं आन् म्हशीसारखा मोठा श्वास टाकला.

म्हस म्हणलं म्हणून रागावू नको. लिही.

२७ जाने., मंगळ.

सकाळी दीपी आंघोळ करून आली, चिप काढली आन् आईच्या हातावर ठिवली. "हे घे आई. तुझंच हाय. तू म्हणशील तसं. फोन केलास तर येऊन नेईन, न्हाईतर फेकून दे." सुनंदानं मुठीत धरली. पोरीला जवळ घेतलं, लई वेळ. शिदोरीला धपाटे केले, वर लोणी. चिप मिसळणाच्या डब्यात, हळदीच्या वाटीखाली ठिवली. दीपी कॅमेरा, लॅपटॉप घेऊन नेकनूरच्या गाडीनं गेली. एस्टीतून हात केला. मला डोळा मारला का ऊन लागलं, कळलं न्हाई.

दुपारपासून सुनंदा गुणगुणतीय. एवढ्या वर्षांत गुणगुणताना ऐकली न्हाई मी हिला.

मी दिवसभर गप्प बसले. म्हणलं, कशाला? चार दिवस गुणगुणू दे. पर वहीत खोटं नको, आन् गप बसणं बी त्यातलंच.

सुनंदा, मागं बघ. १७ तारीख. मी सांगितलेलं, तूच लिहिलेलं. सगळं दोन जागी ठेवायचं.

लिही गं.

वर बघू नको माझ्याकडं. लिही.