काजळीच्या कागदावरचा माझा आवाज

८ जुलै १९५७
तिसऱ्यांदा आवाज गेला. आठवीचा इतिहास, यंदापासून हिंदीतून. दोन वाक्यं बरी गेली. तिसऱ्याला कुणी गळा आवळावा तसं. नुसती घरघर. पोरी बघतच राहिल्या. मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. "सुमनबाई, गळा हिंदीच्याच तासाला बसतो का हो?" विचारताना हसल्या. ते हसू कळलं नाही.

१० जुलै
ओट्यावरची केळ्यांची फणी माकडानं उचलली. ओरडले. आवाज खणखणीत! शेजारची कमल, आमच्याच शाळेतली शिक्षिका, भिंतीवरून बघत होती. "अगं, आला की आवाज!" तेवढाच. 'हो' म्हणायला गेले तर पुन्हा घरघर.

११ जुलै
मोठ्या बाईंना माकडाचं ठाऊक. कमलशिवाय कोण सांगणार? डबा एकटीनं खाल्ला.

१३ जुलै
सिंधीपुऱ्यातले डॉक्टर. घशात आरसा घालून पाहिलं. "एकदम साफ है, बाई. काहीच नाही." तेही हसले. परतताना टांगा केला. लालबाग आलं तेव्हा हे म्हणाले, "मला तरी खरं सांग. येतंय ना तुला बोलता?"
चौदा वर्षांचा संसार. नि हे विचारतात.

१९ जुलै
इन्स्पेक्टरसाहेबांचा हुकूम. आजार खरा असल्याचा दाखला आणा, नाहीतर नोकरी सोडा. जूनमध्ये हेच साहेब वर्गात मागं बसले होते. मी म्हटलं, 'मेरा आवाज बैठ गया'. ते तिथूनच, "बैठ गया नहीं, बैठ गई!" हिंदीत आवाज स्त्रीलिंगी. सगळा वर्ग हसला. त्याआधी नुसती सर्दी होती. त्यानंतर...
दाखल्यासाठी इंदूरला जायचं. मोठ्या बाईंनी तिथल्या डॉक्टरांसाठी बंद लिफाफा दिलाय. उजेडात धरून पाहिला. काही दिसेना. लाज वाटली, तरी परत धरला.

२४ जुलै, इंदूर
मोठं इस्पितळ. नाकातोंडावर रबरी मुखवटा, त्याला नळी, नळीपुढं फिरतं पिंप. पिंपावर काजळी धरलेला कागद, त्यावर सुई. बाजूला माझा आवाज टिपणारी टेप. ही टेप कुणाकडं जाणार? विचारलं नाही.
नुसता श्वास सोडला, सुई मोठे डोंगर काढत गेली. 'आ' म्हणा म्हणाले, तर सुई जवळजवळ आडवी. पाच वेळा करायला लावलं. मग "खोका". सुई टोकाला!
डॉक्टर वयस्क, नागपूरकडचे. म्हणाले, "हवा भरपूर आहे, बाई. गळ्याचे स्नायू ती सोडत नाहीत. पाचही वेळा तीच रेघ. ठरवून अशी काढता यायची नाही." अंगठ्यानं नि बोटानं गळा दोन्हीकडून हळूच खाली दाबला. "म्हणा आ." आला! माझाच. मी रडले, तर गेला.
लिफाफ्यात काय, ते विचारलंच शेवटी. पत्र माझ्यापुढं सरकवलं. 'या ढोंगी नाहीत. कमलबाईंनी स्वतः आवाज ऐकला, म्हणजे बरा होईल अशी आशा आहे. इन्स्पेक्टरसाहेबांना पटेल असं लेखी द्यावं.'
दोनदा वाचलं. तरी मन म्हणतं, मी उघडून वाचीन हे ओळखूनच लिहिलं असेल. काय झालंय मला?

२ ऑगस्ट
रोज सकाळी गळा चोळून दहा मिनिटं 'म्म्म'. हे समोर घड्याळ धरून बसतात. काल सहा सेकंद, आज नऊ. "उद्या अकरा," म्हणाले. टांग्यातल्या त्या प्रश्नाबद्दल अजून माफी मागितलेली नाही. कमलला डबा दिला. तिनं निम्मी भाजी मला वाढली.

१२ ऑगस्ट
दाखला पोचलाय, तरी इन्स्पेक्टरसाहेब खात्री करायला आले. "यंत्र का क्या है, हम खुद सुनेंगे." मागच्या बाकावर बसले. मो. बाई दारात उभ्या. इतिहासाचं हिंदी पान वाचलं. मधे आवाज दोनदा फाटला, थांबले, श्वास घेतला, पुढं गेले. एकही पोरगी हसली नाही. साहेबांनी वहीत बराच वेळ लिहिलं नि निघून गेले.
मो. बाई जवळ आल्या. "काय लिहिलंय, विचारू का त्यांना?"
नको म्हटलं. नुसती हवाच आली. म्हणून परत म्हटलं.