रस्त्याकडची हिरवळ

प्रिय काजल,

अक्षर रक्षाचं, बोलणं माहं. आपल्या शेजारच्या धनंजयची ही बायको बारावी शिकलेली आहे. म्हणून चूक निघाली तर तिची अन् शहाणपण निघालं तर माहं, असं ठरवूनच तिले लिहायले बसवलं. फोनवर तू 'हो आजी, हो आजी' म्हणते अन् ठेवून देते. कागदाले तसं गप्प करता येत नाई.

दिवाळीत तू हरणी अन् कपिली, दोन्ही गाईंच्या शेपटीचे केस कापून नेले, तेव्हा मी हसली. नागपूरच्या प्रयोगशाळेत एवढी मोठी झाली अन् गाईंची हजामत करून राह्यली, असं गावभर सांगितलं. तू म्हटलं, मोठ्या रस्त्याच्या कडेच्या गवतावर शिसं बसते, गाड्यांच्या धुरातून, टायर-ब्रेक झिजून. गाय ते खाते अन् थोडंसं दुधातही उतरते. तू निघून गेली, पण ते शिसं माह्या डोक्यात राहिलं. शिसं मी पाह्यलं आहे, मासे धरायच्या जाळ्याले त्याच्या गोळ्या राहत. एवढी जड वस्तू उडते कशी?

अन् गंमत अशी, की दुधाची गाय म्हणून हरणीचा मी लाडच केला. रस्त्याच्या उतारावर झाडांले टँकरचं पाणी पडते, म्हणून तिथं वैशाखातही गवत हिरवंगार. रोज तिले तिथंच नेत होती. भाकड कपिली मात्र दूरच्या पडीतात वाळल्या काड्या चघळते. हरणीचं दूध दोन घरी, माह्या अन् रक्षाच्या. तिची रिंकू अडीच वर्षांची. पहिला वाढदिवस झाल्यापासून हेच दूध पिते.

मग मी तुह्या आजोबाचं जुनं धोतर फाडलं. एक फडकं उतारावरच्या बाभळीले बांधलं, एक पडीतातल्या बोरीले. आपल्या गल्लीतल्या धुरपताले वाटलं मी नवस बोलली. तिनं बाभळीले हळदकुंकू वाहिलं. आता आणखी दोघी-तिघी जाऊन राह्यल्या, मीही कोणाले काही सांगितलं नाई. आठ दिवसांनी दोन्ही सोडली. पडीतातलं मातकट होतं, झटकलं तर साफ. रस्त्याकडचं काळं, तेलकट, साबणानंही निघेना. काळं तर दिसलं, पण त्यात शिसं कोणतं ते काही मले ओळखू आलं नाई. दोन्ही फडकी यासोबत पाठवते. पिवळा डाग दिसला तर तो धुरपताचा, शिशाचा नाई.

मागच्या महिन्यात तू फोनवर निकाल सांगितला. कपिलीपेक्षा हरणीच्या केसांत शिसं जास्त, पण दुधात किती उतरलं ते दूध तपासल्याबिगर सांगता येत नाई. तेव्हापासून माहे प्रश्न सुरू आहेत. गवत धुवून घातलं तर? दूध उकळून जाते का? साईत जास्त येते का ताकात? हाडात बसते म्हणतात, मग निघते कधी? माहे हाडं जुने, तिथं काय बसते ते बसो. लहान लेकराचं काऊन लवकर बिघडते, तेवढं मात्र नीट समजावून सांगजो.

आता पुढचं, रक्षा, हात न थांबवता लिही. हरणी आटली, असं मी तुले वीस दिवसांपासून सांगून राह्यली. ते खोटं आहे. दोन्ही वेळचं दूध मी उकिरड्यावर ओतते. पाकिटाचं दूध म्हणजे नुसतं पाणी, लेकराले हरणीचंच पाज, असं दीड वर्ष मीच तुह्या मागं लागली होती. त्याच तोंडानं उलटं सांगवेना. समोरासमोर बोलली असती तर मधेच थट्टा करून मी निसटली असती. म्हणून तुह्याच हातानं लिहवून घेतलं. काजल, रिंकूचं रक्त कुठं तपासायचं, कोणाले भेटायचं, ते लवकर कळवजो. रक्षा माह्याकडे पाहत नाई, पण लिहून राह्यली आहे.

तुझीच,
मनकर्णा आजी

काजलताई, हे खालचं आजीले वाचून दाखवलं नाई. हरणीची भरलेली कास मले रोज दिसत होती. वाटलं, आजी माह्यावर रुसली, म्हणून विचारलं नाई. बुधवारच्या पहिल्या गाडीनं रिंकूले घेऊन येते. हरणीचं दूधही बाटलीत आणते. आजीले सोबत घेते, तिले एकटीले घरी ठेवणं बरं नाई.
रक्षा