केटल तळ्यावर बर्फ किती?

मिनिआपोलिस
५ नोव्हेंबर २०१८

ती. अर्वोमामा आणि लेम्पीमामी यांना हेल्मीचा सा. न. वि. वि.

मामाला फोनवर ऐकू येत नाही आणि मी पत्र लिहीत नाही, म्हणून आई दोघांवरही डाफरते. तिच्या समाधानासाठी निदान माझ्यापुरता गुन्हा मान्य करून लिहायला बसले आहे.

मामा, रागावणार नसशील तर एक सांगते. लोकांची दुकानं इंटरनेटवर वर आणून देणं हे माझं रोजचं काम, पण स्वतःच्या मामाचं दुकान मी कधी शोधून पाहिलं नव्हतं. काल पाहिलं. बाहेरगावचा माणूस विचारेल तसंच विचारलं : केटल तळ्यावर बर्फ किती? पहिलं पान आलं ते चाळीस मैलांवरच्या त्या मोठ्या रिसॉर्टवाल्यांचं. हसरं कुटुंब, मोठा मासा आणि खाली ‘हिवाळाभर सुरक्षित बर्फ’. तुझं मासे धरायच्या आमिषाचं दुकान तळ्याच्या अगदी काठावर, पण यादीत तिसऱ्या पानावर. फोन नंबर जुना, आणि रविवारी बंद असल्याचं कुणीतरी ठोकून दिलेलं. तिसऱ्या पानावर कुणीही जात नाही, मामा. तिथं असणं आणि नसणं सारखंच.

गेल्या वर्षी ज्या दोघांची पिकअप तळ्याच्या चिंचोळ्या खिंडीपाशी बर्फ फुटून बुडाली, ते तुझ्या दारावरूनच गेले होते ना? त्यांनी हे रिसॉर्टचं पान वाचलं असणार. जीव वाचले ते नशिबानं. दर वेळी नशीब कामाला येईलच असं नाही. मला हे काम करू दे.

मामीच्या हातच्या वेलदोडे घातलेल्या गोड पुल्ल्याची आठवण काढून इथला पाव खाते आहे. कळावे, माया आहेच, ती आटू देऊ नये.

तुमची
हेल्मी


नॉर्थ केटल
१६ नोव्हेंबर

चि. हेल्मीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. अक्षर अजून कोंबडीचे पाय आहेत. तुझ्या आईनं तुझ्यावर घेतलेली मेहनत वाया गेली, असं तिला माझ्या नावानं कळव.

आता मुद्द्याचं. तुझा वेकोमामा, माझा भाऊ, बुडून गेला तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस. खिंडीत खालून पाणी वाहतं, तिथं बर्फ वरून कितीही छान दिसला तरी आतून पोकळ असतो, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं ते मी. मी त्या सकाळी झोपलो होतो. तेव्हापासून एकेचाळीस हिवाळे रोज उजाडता गिरमिट घेऊन जातो, पाच ठिकाणी भोकं पाडतो आणि बर्फ किती इंच जाड तो आकडा दुकानातल्या माशांच्या टाकीशेजारच्या फळ्यावर लिहितो. फळा वाचून गेलेला एकही माणूस आजवर बुडालेला नाही. मला दुसरी कसली फुशारकी नाही.

बर्फाचं विचारायचं तर माणसानं माझ्यासमोर उभं राहावं, मला त्याचे बूट दिसावेत, गाडी दिसावी, असं माझं मत. म्हणून तुला नाही म्हणणार होतो. पण ते दोघं दारावरून गेले हे तू लिहिलंस आणि चार दिवस तेच डोक्यात आहे. लेम्पी म्हणते, लोक दारात येत नसतील तर दार लोकांकडे न्यावं. कर काय करायचं ते. अट एकच : आकडा मी मोजलेला, आणि खाली नाव माझं.

मामी विचारते, तिकडे कुणी बरा मुलगा भेटला का. मी विचारत नाही.

जीव लावून आहेस तशीच राहा.

तुझा
अर्वोमामा


मिनिआपोलिस
४ डिसेंबर

ती. मामा-मामींस सा. न. वि. वि.

झालं! लोक जे शब्द विचारतात तेच पानाला मथळा म्हणून दिले. दुकानाचा पत्ता, नंबर, वेळा सगळीकडे एकसारख्या केल्या. गावच्या साप्ताहिकाला, मोटेलवाल्या बाईंना आणि लुथरन चर्चला आपल्या पानांवर तुमच्या पानाचा पत्ता द्यायला लावला. गावातली चार ओळखीची माणसं तुमच्याकडे बोट दाखवायला लागली, की ते शोधून देणारं यंत्रही तुमच्यावर विश्वास ठेवायला लागतं.

मामी, तुझं काम एवढंच : मामानं फळ्यावर आकडा लिहिला की तोच त्या चौकोनात टाकायचा आणि बटण दाबायचं. मथळ्यात ‘आजचा बर्फ’ म्हणून तुझा आकडा आपोआप झळकेल. खाली लिहिलंय : मोजणारा अर्वो साल्मेला. मामा, फोटो मात्र चर्चच्या सहलीतला घातलाय, ओरडू नकोस.

मुलाच्या प्रश्नाला उत्तर नाही. लोभाचं माप असंच सढळ असावं.

तुमची
हेल्मी


नॉर्थ केटल
२८ जानेवारी २०१९

चि. हेल्मीस आशीर्वाद.

तुझं पान पहिलं आलं म्हणून मोटेलवाली केक घेऊन आली होती. रिसॉर्टवाले आता आमच्या खाली आहेत. बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्यांच्या इतक्या झोपड्या तळ्यावर मी जन्मात पाहिल्या नाहीत. तू गुणाची पोर आहेस, हे आईला सांगू नकोस, शेफारेल ती.

तरी मला काहीतरी खटकतंय आणि ते कुणाला सांगावं कळत नाही. रस्त्यानं जाणारे लोक मला हात करतात. अर्वो, अशी नावानं हाक मारतात. मी त्यांना ओळखत नाही. हाक मारून ते थांबत मात्र नाहीत, सरळ तळ्यावर उतरतात. परवा पेट्रोल भरताना एक जण म्हणाला, आज चोवीस ना? माझ्या हाताला खडू लागायचा होता. लेम्पीनं मी ओरडून सांगितलेला आकडा आधीच टाकला होता. फळा आता मी वाचतो आणि टाकीतले मासे वाचतात.

त्यांचे बूट मला दिसत नाहीत, हेल्मी. किती जण आहेत तेही कळत नाही.

थंडी उणे तीसवर आहे, बर्फ खणखणीत आहे. उगाच काळजी करतोय असं लेम्पी म्हणते. तब्येतीला जप.

तुझा
अर्वोमामा


मिनिआपोलिस
६ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न. वि. वि.

मामा, हेच तर हवं होतं आपल्याला! गेल्या महिन्यात नऊ हजार वेळा पान उघडलं गेलं. नऊ हजार वेळा कुणीतरी रिसॉर्टची थाप न वाचता तुझा शब्द वाचला. मोठ्या कंपनीपेक्षा काठावरच्या नावाच्या माणसावर लोकांचा विश्वास बसतो, म्हणून तर लहान दुकानांनी वर असायला हवं, असं मी गिऱ्हाइकांना पढवत असते. आता तुझा दाखला देते.

ईस्टरला येतेय. तोवर खटकणं बंद. तुमच्या मायेवर माझा हक्क आहेच.

तुमची
हेल्मी


नॉर्थ केटल
२६ मार्च

चि. हेल्मीस आशीर्वाद.

थोडक्यात लिहितो. ऊन लागलं. छपराचं पाणी दिवसभर गळतंय. रविवारी नेहमीप्रमाणे फळा पुसला. बर्फ अजून वीस इंच भरतो, पण मेणबत्त्यांची मोळी बांधल्यासारखा उभा चिरत गेलाय, पाय दिला की सुटेल. अशा बर्फाचा आकडा लिहायचा नसतो. आकडा लिहिला की लोक आकडाच वाचतात. कोरा फळा म्हणजे बर्फावर पाय ठेवायचा नाही, हे इथं शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. गावच्या लोकांनी त्याच दिवशी झोपड्या ओढून काढल्या.

लेम्पीनं विचारलं, आज काय टाकू? म्हटलं, फळ्यावर काही नाही तर टाकणार काय? तिचीही तेवढीच सुट्टी.

नवल एवढंच, की काठावर अजून गाड्या येतात. आयोवा राज्याच्या नंबरपाट्या. काल तिघांना परत पाठवलं. मी हाताशी होतो म्हणून बरं. एकानं मला फोन दाखवला आणि हसला, पण माझा चष्मा आत राहिला होता.

ईस्टरला तुझ्यासाठी मामी आत्तापासून वेलदोडे कुटतेय. ये लवकर.

तुझा
अर्वोमामा


मिनिआपोलिस
२९ मार्च, दुपार

ती. मामांस,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. कोट अंगात असतानाच पान उघडलं. त्यावर लिहिलंय : आजचा बर्फ एकवीस इंच. गाडी चालेल. मोजणारा अर्वो साल्मेला. सगळ्यांत वर आहे.

मामा, नवा आकडा पडला नाही तर जुनाच राहतो. तसं मीच केलंय. एखाद्या दिवशी मामीला जमलं नाही तर मथळा रिकामा दिसेल, खाली घसरेल, म्हणून. कोऱ्या फळ्याचं मला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. मला सुचलं नाही.

आता लाल अक्षरांत ‘बर्फावर जाऊ नका’ घातलंय. पाच दिवस मात्र ते तसंच होतं. दुकानात सहा वेळा फोन लावला, कुणी उचलत नाही. मामीही नाही. शेरीफच्या कचेरीत लावला. तिथली बाई म्हणाली सगळे तळ्यावर गेलेत, आणि कशासाठी ते न सांगता तिनं फोन ठेवला.

मी निघतेय. चार तासांचा रस्ता आहे. हे पत्र बरोबरच आणते. हात गप्प बसेनात म्हणून लिहिलं.

हेल्मी


नॉर्थ केटल
१० एप्रिल

चि. हेल्मीस अनेक आशीर्वाद.

तू परत गेल्यापासून मामी रोज तुझं नाव काढते. तू इथं असताना जे राहून गेलं ते लिहितो. 

त्या दिवशी ग्लेन आणि त्याचा मेव्हणा बर्फाखाली गेले तेव्हा मी दोराचा वेढा घेऊन पोटावर सरपटत गेलो, पोहोचलो ते मेव्हण्यापर्यंतच. तो घरी गेला, बोटं वाचली. ग्लेन स्त्राका काल खिंडीच्या खालच्या अंगाला सापडला. एकेचाळीस वर्षांपूर्वी वेको सापडला होता तिथून हाकेच्या अंतरावर.

तू लिहितेस, पान काढून टाकते आणि हे कामच सोडते. काम सोडायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण पान काढायचं नाही. काढलंस तर वर कोण येईल ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ते तर हिवाळाभर सुरक्षित म्हणतात. लोक दारात येणार नाहीत, हेल्मी, ते दिवस गेले. ते जिथं विचारतात तिथं मला उभं राहायलाच हवं, आणि नीट उभं राहायला हवं. जाऊ नका हे रोज नव्यानं लिहायचं, एक दिवस न चुकता. पुढच्या आठवड्यात ये आणि मला टाइप करायला शिकव. चूक तुझी एकटीची नाही. माझं नाव खाली होतं आणि मी ते पान एकदाही उघडून पाहिलं नाही.

काल त्याची बायको दुकानात आली. मर्ना तिचं नाव. मला वाटलं, शिव्या देईल. द्याव्यात असं वाटत होतं. तिनं विचारलं, अर्वो कोण. म्हटलं, मी.  ती म्हणाली, ग्लेन डिसेंबरपासून रोज सकाळी न्याहारीला बसला की फोन उघडायचा आणि पोरींना सांगायचा, अर्वो म्हणतो आज सतरा, अर्वो म्हणतो आज वीस. धाकटी चार वर्षांची आहे. तिला वाटतं, अर्वो हा बाबांचा मित्र आहे. तो बाबांना आणायला गेला का, असं ती विचारते.

तिला मी काय सांगू, असं मर्नानं मला विचारलं.  तुला सुचलं तर कळव.

आमचा लोभ तुझ्यावर होता तेवढाच आहे, त्यात शंका आणू नकोस.

तुझा
अर्वोमामा