बाची पाणपोई

मोरझर,
ता. ९ नोव्हेंबर १९९७

चि. मनहर यास मोटाभाईचे अनेक आशीर्वाद. सौ. हीराला आणि मुलांना दिवाळीनंतरच्या नव्या वर्षाचेही.

तू पाठवलेला अडदिया पोचला. उडदाच्या पिठात तूप सुरेख उतरलं आहे. उतरणारच म्हणा. तुमचं खारवा पडलं हमरस्त्यावर, चांगलं तूप दारात चालत येतं. आमच्याकडे येतं ते तीनचाकी छकड्याच्या टपावर बसून, धूळ खात.

आता बातमी. राजकोटहून बंदराकडे मोठा रस्ता होणार आहे. सरकारच्या तिजोरीला एकट्याने तो पेलवत नाही, म्हणून एका कंपनीशी भागी केली आहे. कंपनीने पैसा उभा करायचा, रस्ता बांधायचा, तीस वर्षं सांभाळायचा, येणाऱ्याजाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा आणि मग सरकारला परत द्यायचा. रस्त्याला दोन वाटा आहेत. एक नदीच्या पलीकडून, तुमच्या खारव्यावरून. दुसरी अलीकडून, आमच्या मोरझरवरून. जिथे वाहनं जास्त, तिथे रस्ता. डिसेंबरात मोजणीवाले दोन्हीकडे बसणार आहेत.

हे ऐकल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. शाळेत वाटेवरची कविता शिकवायला घेतली की माझा गळा दाटून यायचा. मुलांना वाटायचं, गुरुजींना सर्दी झाली. त्यांना काय ठाऊक, की गुरुजींच्या गावाला धड वाटच नाही. मनहर, तू लग्न करून सासरच्या कापसाच्या जिनिंगवर बसलास, ते तुझं नशीब. पण बा शेवटची चार वर्षं तुझ्याकडे राहिली ती कशामुळे? डॉक्टर रस्त्यावर, एसटी रस्त्यावर. आईला ठेवून घ्यायला माझ्याकडे घर होतं, गाय होती, रायणीच्या झाडाची सावली होती. फक्त धड रस्ता नव्हता. थोरला मी, आणि आईचं शेवटचं पाणी तुझ्या हातचं.

म्हणून सांगून ठेवतो, या वेळी रस्ता मी नेणार. रागावू नकोस. रागावलास तरी अडदिया पाठवत जा.

लाभशंकरचे आशीर्वाद.


खारवा,
ता. २० नोव्हेंबर १९९७

ती. मोटाभाईंना मनहर-हीराचा पाया पडून नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून हीरा खूप हसली. म्हणाली, दोघे म्हातारे झाले, तरी बाच्या पदराचं एकेक टोक धरून ओढताहेत. मी म्हटलं, मी ओढत नाही. तर म्हणाली, तुम्ही सोडतही नाही.

इथे खारव्यात सगळे निर्धास्त आहेत. जिनिंगचे ट्रक, तेलाच्या गाड्या, सगळं इथूनच जातं. पण दोन गोष्टी तुमच्या कानावर घालतो. पहिली, असा रस्ता एकटा येत नाही, टोलनाका बरोबर घेऊन येतो. दुसरी, रस्ता रुंद होईल तेव्हा रायण कुठे जाईल? ती अगदी कडेला आहे, आणि तिच्याखाली बाची पाणपोई. माळ्यावरून पडून पाय मोडला होता त्याही उन्हाळ्यात बा काठी टेकत माठ भरायला जायची. त्या पाणपोईचा विचार केलात का?

केला नसणार. तुम्ही कविता केली असेल.

आठवण ठेवा, रागासकट ठेवलीत तरी चालेल.

आपला मनहर


मोरझर,
ता. २ जानेवारी १९९८

चि. मनहर यास आशीर्वाद.

रायणीला कोण हात लावतो! कंपनीची माणसं शिकलेली आहेत, त्यांना झाड कळतं.

मोजणी झाली. तू असायला हवा होतास. गावातले सगळे छकडे, सगळे ट्रॅक्टर मी पहाटेपासून कामाला लावले. शाळेमागून निघायचं, मोजणीवाल्यांच्या समोरून जायचं, तलावाला वळसा घालून पुन्हा शाळेमागे. भीमा आहीरने तर नवरदेवाशिवाय वरात काढली. ढोल, फेटे, पाच जीपगाड्या, आणि लग्न कुणाचं ते कुणालाच माहीत नाही. मोजणीवाली पोरं रायणीखाली बसून बाच्या माठातलं पाणी पीत आकडे टाकत होती. एकाने मला विचारलं, हिरवी ओढणी घेतलेल्या या बहेन मघाशीही गेल्या ना? मी म्हटलं, साहेब, आमच्याकडे या वर्षी हिरव्याचीच लाट आहे. मग त्यांना ताक पाजलं, गाठिया खायला घातले. माझ्या विद्यार्थ्यांनी परीक्षेत कॉपी केली की मी कान धरायचो. आता माझा कान धरणारं कुणी उरलं नाही, हे एक बरं.

आणि एक चमत्कार. दुपारनंतर कापसाचे खरेखुरे ट्रक आले, ओळीने, दोन दिवस. कुणाचे, कुठले, कळलं नाही. ड्रायव्हर पाणी पिऊन निघून जायचे. द्वारकाधीशानेच धाडले असं मी धरलंय.

मनहर, लवकरच तुझ्या जिनिंगचा माल माझ्या दारावरून जाईल, आणि मी ओट्यावर बसून बघेन.

पुढचं पत्र येईल ते हमरस्त्यावरच्या मोटाभाईचं असेल.


खारवा,
ता. १४ मार्च १९९८

ती. मोटाभाईंना नमस्कार, वि. वि.

रस्ता मोरझरवरून ठरल्याचं छापून आलं. अभिनंदन. हीराने लापशी केली. मी खाल्ली, पण गोड लागली म्हणालो तर खोटं होईल.

गाव माझ्यावर नाराज आहे. चौकात बसलो की माणसं उठून जातात. कारण पुन्हा कधीतरी सांगेन.

तब्येत सांभाळा. पत्र टाकायचं थांबवू नका, टोमण्यांचं असलं तरी.

मनहर


मोरझर,
ता. ६ मार्च २०००

मनहर,

आशीर्वाद लिहायला हात वळत नाही, पण लिहितो, कारण बाने सवय लावली आहे.

रस्ता सुरू होऊन तीन महिने झाले. काळाभोर, गुळगुळीत, मध्ये कण्हेरीची रांग. काम सुरू झालं त्या दिवशी मी दोन ओळी केल्या होत्या:

वाट माझ्या अंगणाशी आज आली चालुनी,
सांगते, मी दूर होते, थांबले तुजवाचुनी.

आता त्या वाचवत नाहीत. रायण गेली. तोडायच्या आधी इंजिनीयर मला भेटायला आला. फार सभ्य मुलगा, माझ्या पाया पडला. म्हणाला, तीस वर्षं या जमिनीचा करार आमच्याकडे आहे, दादा, कडेला पाणपोई ठेवता येणार नाही. गाड्या थांबल्या तर अपघात होतील. नाक्यावर आम्ही थंड पाण्याचं यंत्र बसवू, कंपनीच्या नावाचं. करवत चालली तेव्हा मी तलावावर जाऊन बसलो. बाचे दोन माठ आता माझ्या ओसरीत पालथे पडले आहेत.

तेही सोसलं असतं. पण मी ओट्यावर बसून बघतो काय? रिकामा रस्ता! सगळे टोल चुकवून तुझ्या जुन्या रस्त्याने जातात. ट्रक तुझ्याकडे, जीप तुझ्याकडे, उंट घेऊन निघालेले रबारीसुद्धा तुझ्याकडे. आमच्या गावचे छकडेदेखील नाका टाळायला नदी ओलांडून खारव्यावरून जातात. खारव्यात चहाच्या दोन नव्या टपऱ्या लागल्या म्हणे. आणि इथे तो इंजिनीयर दर आठवड्याला मला विचारतो, दादा, मोजणीतली ती वाहनं गेली कुठे? त्या आकड्यांवरच बँकेने आम्हाला कर्ज दिलं. मी काय सांगू? भीमाची वरात अजून नवरदेव शोधते आहे म्हणून?

तुला नाक्याचं माहीत होतं. तू एक पत्र लिहिलंस आणि गप्प बसलास. जिथे तू हात वर करतोस, तिथे माझं नुकसान ठरलेलं असतं. रस्ता माझ्या गावाला आला, आणि गाड्या पुन्हा तुझ्याच. बासारख्याच. आयुष्यभर मी तुझा हेवा केला, पण तेव्हा निदान वाटायचं, रस्ता आला की संपेल.

एवढंच.

लाभशंकर


खारवा,
ता. १५ मार्च २०००

ती. मोटाभाई,

पाया पडून नमस्कार. हे पत्र मी तीनदा फाडलं. हीरा म्हणाली, आता फाडलंत तर मीच लिहीन.

ते कापसाचे ट्रक द्वारकाधीशाचे नव्हते, माझे होते. आपल्या आणि शेजारच्या दोन जिनिंगचे. मोजणीच्या दिवसांत मी ते नदी ओलांडून मोरझरकडून फिरवले. गाव म्हणूनच माझ्यावर रागावलं. नाक्याची कल्पना दिली होती, तुम्ही ऐकलं नाहीत. मग म्हटलं, ज्याला जे हवं ते मिळू दे.

पण मला थोर समजू नका. मी तुमच्यासाठी केलं नाही. तुम्हाला वाटतं बा माझ्याकडे होती. मोटाभाई, बा चार वर्षं माझ्या घरी जेवली आणि तुमच्या घरी राहिली. खाट नदीकडे तोंड करून लावायला सांगायची. हीराने साखर घातलेलं दूध दिलं तरी म्हणायची, लाभूच्या गाईचं दूध याहून गोड. रोज विचारायची, रायणीखाली माठ भरले असतील ना? शेवटच्या दिवशी मी तिच्या तोंडात पाणी घातलं, तर ती म्हणाली, "लाभू, माठ झाकून ठेव." माझ्या हातचं पाणी पिऊन तिने तुमचं नाव घेतलं. त्या दिवसापासून मला तुमचा किती हेवा वाटतो, ते तुमच्या कुठल्या वृत्तात बसायचं नाही. तुम्हाला रस्ता मिळाला की तुमची तक्रार मिटेल, आणि ती चार वर्षं एकदाची माझी होतील, असं मला वाटलं. झाली नाहीत.

मनहर


मोरझर,
ता. २८ मार्च २०००

चि. मनहर यास आणि सौ. हीराला अनेक, अगदी मनापासून आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. ओसरीत गेलो आणि पालथे माठ सुलटे केले. आतून कोरडे ठणठणीत, पण वास अजून त्याच पाण्याचा. मग पुन्हा पत्र वाचलं. ती एक ओळ मला पाठ झाली आहे. कोणती, ते लिहीत नाही. लिहिलं तर तुला पुन्हा हेवा वाटेल, आणि मला बरं वाटेल.

काल इंजिनीयरला सगळं सांगितलं. वळसा, हिरवी ओढणी, वरात. त्याने हातातली वही मिटली. मग म्हणाला, दादा, आमच्या साहेबांनाही मोठाच आकडा हवा होता, म्हणून कुणी दुसऱ्यांदा मोजलं नाही. पुढे काय होईल ते होवो. तीस वर्षांनी रस्ता परत येईल तेव्हा तो बघायला आपण कुणी नसू.

रामनवमीच्या आधी भीमाच्या छकड्यातून येतो आहे. नाका टाळूनच, इतरांसारखा. बरोबर बाचे दोन्ही माठ. तहानलेली माणसं आता तुझ्या रस्त्याने जातात, तर पाणपोईही तिथेच हवी. तुमच्या चौकातल्या लिंबाखाली जागा करून ठेव. फळीवर नाव फक्त बाचं घालायचं. तुझं नको, माझंही नको, आणि कंपनीचं तर नकोच. उन्हाळाभर मी तुझ्याकडे राहीन. खाट नदीकडे तोंड करून लाव.

सकाळचा माठ मी भरेन, संध्याकाळचा तू. कुणाचं पाणी गोड लागतं असं वाटसरू म्हणाले, ते हीराने कुणालाच सांगायचं नाही. मला मात्र हळूच सांगितलं तर चालेल.

माया आटू देऊ नकोस. माठ झाकून ठेवायचं काम माझ्याकडे आहे.

तुझा मोटाभाई
लाभू