टीव्हीपुढून नेलेली भरली घागर

प्रिय कलावती,

गौरी बाजारात गेली आहे. ती परत आली की तिला हो किंवा नाही, एक काहीतरी सांगायचं आहे. मला काही सुचेना, म्हणून दुकानाचं शटर अर्धं ओढून तुला लिहायला बसलोय. तू असतीस तर हे पत्र लागलंच नसतं. तू आत चहा टाकता टाकता निकाल देऊन मोकळी झाली असतीस.

गोष्ट अशी आहे. गौरीच्या कंपनीनं तिला इंडोनेशियाला पाठवायचं ठरवलंय. तिथल्या एका कारखान्यात बॉयलर फुटला. तो का फुटला, हे शोधायला जी माणसं जाणार, त्यांत आपली पोरगी. निम्मी इमारत पडलीय. उरलेली उभी आहे म्हणे, आणि हिला तिच्यात शिरून मोजमापं घ्यायची आहेत! हैदराबादच्या विमानतळावर न्यायला उद्या सकाळी गाडी येईल. पण काल जेवताना मान खाली घालून म्हणाली, "अप्पा, तुम्ही नको म्हणालात तर मी जाणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत कंपनीला कळवायचंय."

तेव्हापासून माझं हो-नाही चालू आहे.

आणि खरं सांगू? हे सगळं तुझ्या त्या माणसामुळं झालंय.

आठवतो ना तो? गौरी नांदेडला इंजिनिअरिंगला होती, तेव्हा सुट्टीत पेनड्राइव्हवर जपानी कार्टून घेऊन आली होती. पोरांचं कार्टून नव्हे, मोठ्यांचं. एक उंच, वाळका तपासनीस. दर भागात नवा देश, नवा अपघात. कुठं पूल पडलाय, कुठं खाणीत आग लागलीय. हा जायचा, राख चिवडायचा, तुटलेला बोल्ट उजेडात धरून बघायचा आणि कारण शोधून निघून यायचा. मागच्या भागाचा पुढच्या भागाशी काही संबंध नाही. उदगीरमध्ये ते दुसऱ्या कुणी बघितलं नसेल. मी दुकानात येणाऱ्या पोरांना विचारायचो. एकालाही नाव माहीत नव्हतं.

मला मात्र तो पहिल्या भागातच पटला. पाण्याच्या पंपाची जळालेली मोटार उघडून ती का जळाली हे सांगण्यात माझी हयात गेली. आयटीआयची पायरी न चढता वाइंडिंग शिकलो, शाळा सुटल्यावर डिक्शनरी घेऊन इंग्रजी शिकलो. खालच्या इंग्रजी ओळी वाचून तुला मराठीत सांगायचं काम माझ्याकडं होतं. एक शब्द सोडायचो नाही. तू वैतागायचीस. म्हणायचीस, त्याचं तोंड मिटलं तरी तुमचं चालूच हाय.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. बोअर आटले, कोरड्या चालून मोटारी जळाल्या. लोकांच्या घरात पाणी नव्हतं आणि माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. टँकर कधी येईल याचा नेम नाही, म्हणून दुपारी कुणीतरी घरी थांबायचंच. त्या थांबण्यात आपण रोज एक भाग बघायचो. लातूरला रेल्वेनं पाणी आल्याची बातमी लागली, तेव्हा तू काय म्हणाली होतीस? "जिल्हा हाय म्हणून त्यांना रेल्वे. आपण तालुका, आपल्याला टँकर. आधी जिल्हा करा म्हणावं." समोरच्या शांताबाईंनी ते गल्लीभर केलं होतं. जिल्हा अजून झालेला नाही, कलावती. दर वेळी होणार होणार म्हणतात.

पण तुझं लक्ष तपासात नसायचंच. तू नळ बघायचीस. तो कुठल्याही देशातल्या लॉजमध्ये शिरला की तुझी मान पुढं. त्यानं नळ सोडला आणि पाणी आलं की तू मला कोपरानं ढोसायचीस. आणि प्रत्येक भागाला तुझा तोच एक प्रश्न, "ह्याच्या घरी कोण हाय ओ?"

मी सांगायचो की ते गोष्टीत नाही. गोष्ट अपघाताची आहे. तुला ते कधी पटलं नाही. म्हणायचीस, एवढा दूरदूर फिरायलाय, मागं कुणीतरी वाट बघत असंलच की.

आणि मग ती घागर!

तुझ्या देगलूरच्या माहेरची रीत. घरातून कुणी लांबच्या वाटेला निघालं की सवाष्णीनं भरली घागर घेऊन त्याच्या समोरून जायचं. निघणाऱ्याच्या नजरेला भरलेलं पाणी पडलं पाहिजे. ते आपल्या माणसांसाठी ठीक. पण भाग संपत आला, तो पिशवी खांद्याला लावून दाराकडं वळला, की तू उठायचीस आणि घरातली एकुलती भरली घागर कमरेवर घेऊन टीव्हीपुढून जायचीस. त्या पाण्यावर दोन दिवस काढायचे असायचे. मी ओरडायचो, पाणी सांडेल, आणि तो जपानी माणूस आहे, त्यातून चित्रातला. तू शांतपणे घागर परत जागेवर ठेवायचीस. म्हणायचीस, "सांडत न्हाई. नुसतं दाखवते. दाखवल्यानं कमी होतंय का?"

गौरी हसून लोळायची. पण सुट्टी संपवून नांदेडला जायला निघाली की तीच उंबऱ्यात थांबून हाक मारायची, आई, घागर.

तुझ्या छातीत दुखायला लागलं त्या दिवशी टँकर आला नव्हता. नांदेडला न्यायला जीप दारात उभी. अंगणात आपल्या दोन्ही घागरी रिकाम्या, उपड्या. शांताबाईंकडंही थेंब नव्हता. तू जीपमध्ये बसता बसता त्या घागरींकडं बघितलंस आणि हसलीस.

"माझ्यापुढं रिकामीच की ओ."

मी म्हणालो, तू येशील तेव्हा भरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी टँकर आला. शांताबाईंनी घागर भरून आपल्या उंबऱ्यात ठेवली. तू आली नाहीस.

मी असल्या गोष्टी मानत नाही, तुला माहीत आहे. मोटार जळते त्याला कारण असतं, आणि ते तारेत असतं, घागरीत नसतं. तुझं काळीज बंद पडलं त्यालाही कारण होतं, डॉक्टरांनी ते मला नीट समजावलं. तरी ती उपडी घागर डोळ्यांपुढून का जात नाही? आणि काल रात्रीपासून तिच्या शेजारी ती पडकी इमारत का दिसतेय?

आपला शेवटचा भाग बघायचा राहिला होता. गौरीनं पेनड्राइव्ह जपून ठेवला होता. आज दुपारी मी एकट्यानं तो लावला. गौरीला हो म्हणण्याआधी मला बघायचं होतं, हा माणूस शेवटी परत येतो का.

येतो. कलावती, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. तो घरी येतो. वरच्या मजल्यावर एक खोली. कुलूप तोच उघडतो. आत कुणी नाही. भिंतीवर फोटोसुद्धा नाही. तो नळ सोडतो, पेला भरतो, उभ्यानंच पाणी पितो. पिशवी खांद्यावरून काढत नाही. तपकिरी पिशवी, डाव्या बाजूचं बक्कल तुटलेलं, पहिल्या भागात तुटलं होतं तसंच. मग फोन वाजतो आणि तो परत दाराबाहेर. संपलं.

म्हणजे त्याच्या घरी कुणीच नव्हतं. एवढे देश फिरला, एवढ्या पडक्या जागांत शिरला, त्याला निघताना भरली घागर दाखवणारी उदगीरची तू एकटी होतीस.

मी टीव्ही बंद केला आणि इकडं दुकानात आलो. तो परत येणारच होता, हे मला कळतं. त्याला पुढच्या भागात यायचं असायचं. गौरीची अशी हमी कोण देणार? मी तरी कशी देऊ? पण तुझा प्रश्न मी तिच्याबद्दल विचारून बघितला. गौरीच्या घरी कोण हाय ओ? आणि याचं उत्तर मला कुठं शोधावं लागलं नाही. मी आहे.

तिला मी हो म्हणणार आहे. भीती गेलेली नाही. ती परत येऊन पायातल्या चपला काढेपर्यंत जाणारही नाही. पण मी नको म्हणालो तर ती माझ्यासाठी थांबेल, आणि दुसऱ्या कुणीतरी उचललेल्या बोल्टाचा विचार करत आपल्या ताटावर बसून राहील. ते मला बघवणार नाही.

जायचं झालंच तर सकाळच्या घागरीसाठी शांताबाईंना सांगू का, असं मी गौरीला ती बाजारात निघताना सहज विचारलं होतं, कारण रीत सवाष्णीची. ती म्हणाली, "आईचं काम बाहेर देऊ नका, अप्पा." तेव्हा उद्या गाडी दारात लागली की मी स्वतः घागर घेऊन तिच्या समोरून जाईन. गल्ली हसली तर हसू दे. यंदाही नळाचा भरवसा नाही, म्हणून आताच भरून, झाकून ठेवलीय.

आणि तुला शब्द देतो, गौरी येईपर्यंत ही घागर उपडी पडणार नाही. पाणी शिळं झालं की झाडाला घालीन आणि नवं भरीन, मग ते कुठूनही आणावं लागो. पोरगी दारात आली की तिला पहिला तांब्या याच घागरीतला देईन, आणि खांद्यावरची पिशवी आधी मी काढून घेईन.

फाटक वाजलं. गौरी आली वाटतं.

तुझा,
काशिनाथ