डोक्याच्या मापाचा दोरा

॥ श्री ॥

मुलींचे वसतिगृह, खडकवासल्याच्या पुढे
रविवार, दि. ५ जानेवारी २०२५

ती. शंभूमामास कादंबरीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं कारण, इथे आठवीच्या मुलींना मोबाइल मिळत नाही आणि महिन्यातला एक फोन आईसाठी लागतो. आमच्या मेसची भाजी हडपसरहून येते. टेम्पोवाले पोपटभाऊ म्हणाले, तुझ्या मामाचा हेल्मेटचा कारखाना माझ्या रस्त्यातच आहे, पत्र दे. म्हणून हे मेथीतून येत आहे. वास आला तर मला बोलू नका.

आता मुद्दा. १६ फेब्रुवारीला आमची तिहेरी चाचणी आहे. आधी सायकलच्या सहा फेऱ्या, मग स्केटिंगच्या चार, मग बॅट घेऊन मशीनचे बारा चेंडू. घड्याळ सुरू झालं की हेल्मेट बदलायला थांबत नाही. पहिल्या तिघींना नववीसाठी इथे जागा मिळते, बाकीच्यांनी गावी जायचं. मागच्या सरावात मी चौथी आले, एकोणीस सेकंदांनी. आईने लगेच वाशिमच्या शाळेचा फॉर्म आणून ठेवला. तिथे मैदान नाही, मागे कडब्याची गंजी आहे.

मी कुठल्याच खेळात मागे नाही, मामा. माझा वेळ जातो हेल्मेट बदलण्यात. सायकलचं काढा, स्केटिंगचं घाला, ते काढा, क्रिकेटचं घाला. दर वेळी वीस सेकंद. तेजस सरांना विचारलं, तिन्ही खेळांना एकच हेल्मेट चालेल का. ते म्हणाले, ज्या त्या खेळात डोकं वाचवणारं हवं, एवढाच नियम आहे. असं एकच कुठे मिळालं तर मलाही सांग, माझं कपाट रिकामं होईल.

तुम्ही दिवसभर हेल्मेटंच करता. मला एक करून द्या.

माया आहे तशीच राहू द्या. वाढवायची असेल तर हेल्मेटच्या रूपाने वाढवा.

आपली भाची,
कादंबरी

॥ श्री ॥

हडपसर, बुधवार, दि. ८ जानेवारी २०२५

चि. कादंबरीस शंभूमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तीनदा वाचले. कालपासून माझे डब्यात लक्ष नाही. सात वर्षे हेल्मेटचे अस्तर बसवतो आहे, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

पत्र आमचे मालक रंगनाथ साहेब यांना दाखवले. ते रोज कोथरूडहून स्कूटरवर येतात आणि वाटेत लोकांनी आरशाला टांगलेली हेल्मेटे मोजून येतात. ते म्हणाले, हे विचारणारे पुष्कळ भेटले, लेखी विचारणारी ही पहिलीच. मग म्हणाले, बघ करून, दत्तोबा बसूनच आहे.

दत्तोबा म्हणजे आमचे लोखंडी डोके. त्याला हेल्मेट घालून उंचावरून ठोकळ्यावर सोडतो, आणि धक्का किती बसला ते मीटरवर दिसते. दत्तोबाबरोबर एकदा पडलेले हेल्मेट बाहेरून कितीही चांगले दिसले तरी त्याच्या आत लाल ठिपका काढायचा. ठिपका असलेले हेल्मेट पुन्हा कोणाच्याही डोक्यावर जाता कामा नये. कारखान्याचा हा पहिला नियम. माझ्याकडून अजून एकही ठिपका काढायचा राहिलेला नाही.

माझ्या मनात असे आहे: सायकलचे हलके कवच घ्यायचे, मागची बाजू स्केटिंगसाठी खाली मानेपर्यंत आणायची, आणि क्रिकेटची जाळी पुढून दोन खटक्यांनी बसेल अशी करायची. चित्र काढले आहे. चित्रात तरी फार छान दिसते.

तू डोक्याचे माप पाठव. भुवयांच्या एक बोट वरून आणि मागच्या फुगीर भागावरून दोरा फिरव, गाठ मार, आणि तोच दोरा पाकिटात घाल. आकडा लिहू नकोस. आकडा लिहिताना माणूस चुकतो, दोरा चुकत नाही.

जेवत जा. सायकलचे ब्रेक रोज तपास. मामाची आठवण अधूनमधून काढावी, ही अपेक्षा.

तुझा,
शंभूमामा

॥ श्री ॥

हडपसर, सोमवार, दि. २० जानेवारी २०२५

चि. कादंबरीस अनेक आशीर्वाद.

तुझा दोरा मेथीच्या जुडीला गुंडाळलेला मिळाला. छप्पन्न सेंटिमीटर. तुझ्या वयाला जरा मोठे वाटले, पण आपल्या घरात सगळ्यांचीच डोकी मोठी आहेत.

आता बातमी. गेले दहा दिवस सुट्टी झाली की मी आणि दत्तोबा दोघेच असतो. सायकल आणि स्केटिंग यांचे जमले. मागची बाजू खाली आणली, कवच जाड केले, आणि दोन्ही खेळांच्या उंचीवरून सोडून पाहिले. पुढून, मागून, कानशिलावरून. मीटर प्रत्येक वेळी हद्दीत. साहेबांनी स्वतः दोनदा सोडून खात्री केली आणि म्हणाले, शंभू, तुझे अक्षर चांगले आहे हे माहीत होते, हातही बरा दिसतो. इतके कौतुक त्यांनी याआधी फक्त मुलाच्या लग्नात आचाऱ्याचे केले होते.

मग क्रिकेट. जाळी बसवली, आणि शनिवारी दत्तोबाला शेजारच्या क्रिकेटच्या नेटमध्ये नेले. साहेबांनी त्याला कणकेचे नाक लावले. पहिला चेंडू जाळीवर, ठीक. दुसरा कपाळावर, ठीक. तिसरा वारा जाण्याच्या भोकावर बसला. कवच भोकापासून भोकापर्यंत तडकले, जाळी आत शिरली आणि नाकाची पोळी झाली.

मी हट्टाने भोके बुजवली, कवच आणखी जाड केले. तेव्हा ते इतके जड झाले की सायकलवर मान खाली जाईल. शिवाय जाळी लावून दत्तोबाला जमिनीवर सोडले, तर जाळी जमिनीत अडकून त्याची मान पिरगळली. लोखंडाची मान पिरगळताना पाहिली आणि मी जाळी काढून ठेवली.

साहेबांनी समजावले. जमीन मोठी असते, तिच्यावर पडताना आतल्या फोमने चुरून धक्का खायचा असतो. चेंडू लहान आणि कडक, तो एकाच जागी बसतो. त्याला कवचाने अडवायचे असते. एक काम चुरण्याचे, दुसरे न चुरण्याचे.

तेव्हा सायकल आणि स्केटिंगला एक, चेंडूला दुसरे. मला वाईट वाटते आहे. पण तिन्हीला एकच मी देणार नाही.

रागावलीस तरी पत्र लिहावे.

तुझा,
शंभूमामा

॥ श्री ॥

वसतिगृह, रविवार, दि. २६ जानेवारी २०२५

ती. शंभूमामास शि. सा. न. वि. वि.

रागावले आहे, तरी लिहीत आहे.

दत्तोबाच्या नाकाबद्दल वाईट वाटलं. पण बारा चेंडूंतला एक तरी त्याच भोकावर बसेल कशावरून? मी काही लोखंडाची नाही, मी डोकं बाजूला घेईन. माझ्या खोलीतल्या शेफालीला तुमचं पत्र दाखवलं. ती गेल्या सरावात तिसरी आली होती, म्हणजे तिला आनंदच झाला. म्हणाली, तुझे मामा एकही खाडाखोड न करता नाही म्हणतात.

एक बदल वाचला म्हणजे वीस सेकंद वाचले. मला एकोणीस हवेत. एका सेकंदावर माझी नववी ठेवायची का, तुम्हीच सांगा.

माया असू द्या, पण सध्या माझ्याकडून थोडी कमी धरा.

कादंबरी

॥ श्री ॥

हडपसर, मंगळवार, दि. २८ जानेवारी २०२५

चि. कादंबरीस अनेक आशीर्वाद.

एक सेकंद पुरणार नाही, हे तुझे म्हणणे बरोबर आहे. म्हणून काल मी स्केटिंगचे हातमोजे घालून तीस वेळा हेल्मेट बदलले आणि घड्याळ लावले. जेवणाच्या सुट्टीत सगळा कारखाना भोवती जमला होता. वीस सेकंदांतले चौदा हनुवटीखालचे बक्कल शोधण्यात जातात. हेल्मेट बदलायला वेळ लागत नाही, बक्कल लागायला लागतो.

साहेबांच्या कपाटात चुंबकाची बक्कले नमुना म्हणून पडून होती. जवळ नेले की आपले आपण चिकटते, आणि बाजूला सरकवले तरच सुटते. ओढून सुटत नाही. मी आणि साहेब दोन टोकांना लोंबकळून पाहिले. ती दोन्ही हेल्मेटांना लावली. तीस वेळा पुन्हा. नऊ सेकंद. एकदा आठ.

म्हणजे चाळीसचे नऊ झाले, कादंबरी. एकतीस सेकंद. हे घाईने लिहितो आहे, म्हणून अक्षर नेहमीसारखे नाही.

येत्या रविवारी पालकभेटीला दोन्ही घेऊन येतो. राग तोपर्यंत सांभाळून ठेव, भेटीत परत घेईन.

तुझा,
शंभूमामा

॥ श्री ॥

वसतिगृह, रविवार, दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. शंभूमामास शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहावं की नाही याचा मी जेवण होईपर्यंत विचार केला.

गेल्या रविवारी तुम्ही मला हेल्मेट घालून पाहिलंत, हलवून पाहिलंत, दोन बोटं घालून पाहिलंत, अगदी बरोबर बसलं होतं. रोजच्या सरावातही बसतं. आठवडाभर मी पहिल्या तिघींत आहे. पण आज सायकलच्या दुसऱ्या फेरीत ते डोळ्यांवर आलं. मी कुंपणाला जाऊन टेकले. लागलं नाही.

कारण नंतर कळलं. शाळेत रोज दोन वेण्या दुमडून रिबिनीने कानामागे बांधाव्या लागतात. पालकभेटीलाही लागतात. तुम्ही सांगितलेला दोरा मी त्या वेण्यांवरूनच फिरवला होता. रविवारी आम्ही न्हातो आणि केस मोकळे असतात. चाचणी रविवारीच आहे.

आत कानटोपी घातली तर घट्ट बसतं. कोणाला कळणारही नाही. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय घालवेना. हेल्मेट परत मागू नका, एवढंच.

कादंबरी

॥ श्री ॥

हडपसर, सोमवार, दि. १० फेब्रुवारी २०२५

चि. कादंबरीस अनेक आशीर्वाद.

पोपटभाऊंना थांबवून ठेवून हे लिहितो आहे. ते म्हणतात कोथिंबीर सुकते आहे. सुकू दे.

कानटोपी घालायची नाही. मऊ कापड डोक्याला घट्ट वाटते, पण पडल्यावर हेल्मेट त्यावरून घसरते आणि डोके उघडे पडते. वेण्यांवर बसलेले हेल्मेटही बसलेले नसते, ते वेण्यांवर टेकलेले असते. म्हणजे तू आठवडाभर चुकीच्या हेल्मेटमध्ये पळालीस, आणि मीच ते घालून दिले होते. छप्पन्न मोठे वाटले तेव्हाच विचारायला हवे होते. दोरा चुकला नाही. दोऱ्याखाली काय आहे ते मी विचारले नाही, कारण मला केसांतले काही कळत नाही, आणि ताईला विचारायला लाज वाटली.

सोबत दोन्ही हेल्मेटांची नवी, जाड अस्तरे आहेत. जुनी ओढून काढ, नवी त्याच जागी दाब. केस मानेशी, एकच सैल वेणी. मग पट्टा न लावता मान खाली घालून हलव. हेल्मेट पडले नाही, तरच पट्टा लाव. हे तेजस सरांच्या समोर कर आणि त्यांना हे पत्र दाखव.

त्यांनी नाही म्हटले तर पळायचे नाही. जागा गेली तर मी स्वतः तुला वाशिमच्या गाडीत बसवीन आणि एक शब्द बोलणार नाही. नववीत शाळा सोडलेला माणूस हे लिहितो आहे, तेव्हा त्याला ते किती जड गेले ते समजून घे.

मला सांगितलेस, हे फार चांगले केलेस.

तुझा,
शंभूमामा

॥ श्री ॥

वसतिगृह, रविवार, दि. १६ फेब्रुवारी २०२५

ती. शंभूमामास कादंबरीचा शि. सा. न. वि. वि., आणि दत्तोबांना साधा नमस्कार.

तेजस सरांनी मला दहा मिनिटं घोड्यासारखी मान हलवायला लावली, आणि म्हणाले, तुझे मामा आमच्याकडे नोकरीला येतील का. मग सोडलं.

सायकलला दुसरी. हेल्मेट न बदलता सरळ स्केट्सवर, म्हणून पहिली. तिसऱ्या फेरीत वळणावर शेफालीचं चाक माझ्या चाकाला लागलं आणि मी उताणी पडले. डोकं मागून सिमेंटवर आपटलं. आवाज मलाच ऐकू आला. डोकं आपटलं की घड्याळ थांबवून तपासायचं, हाही नियम आहे. नर्सबाईंनी नाव विचारलं, वार विचारला, डोळ्यांत बॅटरी मारली, एका पायावर उभं केलं. सरांनी मला स्पेअर हेल्मेट देऊन, पडले तिथूनच पुढे सोडलं. ते जुन्या बक्कलाचं होतं, तिथे माझे बरेच सेकंद गेले.

तुमचं क्रिकेटचं मात्र नऊ सेकंदांत लागलं. चौथा चेंडू उसळून सरळ जाळीवर आला. जाळी वाजली, नाक जागेवर आहे. अकरा चेंडू बॅटला लागले.

मामा, मी तिसरी आले. चार सेकंदांनी. शेफाली दुसरी आली आणि पाडल्याबद्दल माझी माफी मागून गेली, म्हणजे पुढच्या वर्षीही आम्ही एकाच खोलीत भांडणार. आईला फोन केला. ती आधी रडली, मग म्हणाली फॉर्मच्या मागे वाण्याची यादी लिहिते.

पडलेलं हेल्मेट पोपटभाऊंबरोबर पाठवत आहे. बाहेरून फक्त ओरखडा आहे. वेळ मिळाला तर बघा.

तुमची माया पुढच्या वर्षीही इथल्याच पत्त्यावर येऊ द्या.

कादंबरी

॥ श्री ॥

हडपसर, मंगळवार, दि. १८ फेब्रुवारी २०२५

चि. कादंबरीस शंभूमामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझे पत्र साहेबांनी सगळ्या कारखान्याला मोठ्याने वाचून दाखवले. ‘चार सेकंदांनी’ या वाक्यापाशी यंत्रे बंद करावी लागली, कारण मागच्यांना ऐकू आले नव्हते. साहेबांनी चितळ्यांची बाकरवडी आणली आणि दत्तोबापुढेही एक ठेवली.

मग हेल्मेट उघडले. बाहेर ओरखडा. आत मागचा फोम या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटलेला, मधे बोटभर जागेत चुरून कागदासारखा झालेला. त्याने त्याचे काम एकदाच करायचे होते, ते केले. मी ते हातात घेऊन उभा राहिलो. तिन्ही खेळांना एकच कर म्हणून तू मागितले होतेस आणि मलाही तेच करायचे होते. ते केले असते, तर चेंडूसाठी कडक केलेले ते असे चुरले नसते, आणि हा धक्का तुझ्या डोक्याने खाल्ला असता. साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि चहा सांगितला.

सवयीने मी लाल पेन काढले. पण अस्तर उचलले तर तू ठिपका आधीच काढून ठेवला होतास. शाळेच्या तपासणीच्या पेनाने, जरा वाकडा. ते हेल्मेट आता दत्तोबाच्या शेजारी खिळ्याला आहे.

नवीन करायला घेतो आहे. दोरा पाठव. केस मोकळे सोडून घे, आणि कसे बांधले होते ते चिठ्ठीवर लिही. घाई नाही, पण जूनच्या आत पाठव.

नववीतल्या मुलीचे माप मला पाहिजे.

तुझा,
शंभूमामा